इस्तिस्का, जलोदर आणि मूत्रपिंड : एका रोगाच्या आकलनाचा इतिहास

यकृत कठीण होऊन निकामी होत गेले की रुग्णाचे हातपाय बारीक होतात आणि पोट मात्र मोठे होत जाते. बोरगाव, निपाणी, चिकोडी, बेळगाव या सीमाभागात मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात. येथे या आजाराला बोलीत 'पोटात पाणी झालंय' असे म्हणतात. वैद्यांच्या भाषेत तो जलोदर आहे, तर युनानी हकिमांच्या नुस्ख्यांत त्याला इस्तिस्का म्हटले आहे. आजच्या डॉक्टरांच्या भाषेत तो बहुतेक वेळा सिरोसिसचा, म्हणजे यकृत घट्ट व गाठाळ होण्याच्या विकाराचा परिणाम असतो.

या आजाराने वैद्यकापुढे दोन हजार वर्षांहून अधिक काळ एक कोडे ठेवले. बिघाड यकृतात आहे, मग पाणी का साठते? आणि पाणी साठत असताना मूत्रपिंडे ते बाहेर का टाकत नाहीत? जुन्या वैद्यांनी या प्रश्नाच्या उत्तराचा व्यवहारी भाग बराच आधी ओळखला होता. त्यामागचे कारण मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच उलगडले. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा मागोवा घेतला आहे.

तीन भाषा, एक पखाल

'इस्तिस्का' हा अरबी शब्द 'सीन-काफ-या' या धातूपासून आला आहे. पाणी पाजणे हा त्या धातूचा अर्थ. उर्दू शायरीतला 'साकी' आणि पाणी वाहणारा 'सक्का' हे शब्द त्याच कुळातले. इस्तिस्का म्हणजे पाणी मागणे. म्हणूनच दुष्काळात पावसासाठी जी नमाज अदा केली जाते, तिलाही नमाज-ए-इस्तिस्का म्हणतात. अंगात पाणी भरलेले असूनही ज्याची तहान भागत नाही, अशा रुग्णाच्या आजाराला हकिमांनी हेच नाव दिले.

युनानी ग्रंथांत इस्तिस्काचे तीन प्रकार सांगितले आहेत. सर्व अंगावर सूज येते तो 'लहमी', कारण 'लहम' म्हणजे मांस. पोट वायूने फुगून ढोलासारखे वाजते तो 'तबली', कारण 'तब्ल' म्हणजे ढोल. आपल्या 'तबला' या शब्दाचे मूळही तेच. पोटात पाणी साठते तो 'ज़िक्की'. 'ज़िक्क' म्हणजे कातड्याची मशक, मराठीत पखाल. ग्रीक वैद्यांनी या आजाराला दिलेले नावही 'अस्कोस' म्हणजे कातडी पिशवी या शब्दावरून आलेले असून इंग्रजी वैद्यकातील 'असायटिस' ही संज्ञा त्यातूनच निघाली.

संस्कृत ग्रंथांतही हीच उपमा आढळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील उदररोगाच्या अध्यायात जलोदराचे पोट हाताला पाण्याने भरलेल्या 'दृती'सारखे लागते असे वर्णन आहे. दृती म्हणजे कातड्याची पिशवीच. सुश्रुतसंहितेतही तशीच तुलना येते. अरबी 'ज़िक्की' हा ग्रीक नावाचा सरळ अनुवाद आहे. संस्कृतातील उपमा स्वतंत्रपणे सुचलेली असावी, कारण पखाल तिन्ही समाजांत रोजच्या वापरातली वस्तू होती. रुग्णाच्या पोटावर एका बाजूने टिचकी मारली की दुसऱ्या बाजूला लाट जाणवते, ही तपासणी आजही वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या काही वर्षांतच शिकवली जाते.

बगदाद ते विजापूर

या परंपरा एकमेकींपासून तुटलेल्या नव्हत्या. इब्न अन-नदीमच्या 'अल-फिहरिस्त' या दहाव्या शतकातील ग्रंथसूचीनुसार, यह्या इब्न खालिद बरमकी या वजिराच्या आज्ञेवरून मनका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत आणला. हा काळ खलिफा हारून अर-रशीद (कारकीर्द ७८६ ते ८०९) याच्या राजवटीचा होय. चरकाचा ग्रंथ आधी फारसीत आणि मग अरबीत गेला. अली इब्न रब्बन तबरी याने इ.स. ८५० च्या सुमारास लिहिलेल्या 'फिरदौस-उल-हिकमत'मध्ये शेवटचा विभाग भारतीय वैद्यकासाठी ठेवला आहे. राझीच्या लेखनातही चरकाचे हवाले येतात.

दख्खनमध्ये हाच प्रवाह उलट दिशेने वाहिला. 'तारीख-ए-फिरिश्ता' या इतिहासग्रंथामुळे प्रसिद्ध असलेला मुहम्मद कासिम फिरिश्ता प्रथम अहमदनगरच्या निजामशाहीत होता. १५८९ मध्ये तो विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या (कारकीर्द १५८० ते १६२७) दरबारी आला. त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा फारसी वैद्यकग्रंथ लिहून भारतीय वैद्यकाची माहिती फारसी जाणणाऱ्या हकिमांपर्यंत पोहोचवली. बेळगावचा प्रदेश तेव्हा आदिलशाहीच्या अमलाखाली होता. या भागातील वैद्य आणि हकीम यांच्या औषधांत जे साम्य आढळते, त्यामागे अशी मोठी देवाणघेवाण आहे. एक उदाहरण पुरेसे ठरावे. उंटिणीचे दूध पोटाच्या या आजारात चरकाने हितकर म्हटले आहे आणि इब्न सिनानेही इस्तिस्कावर त्याची शिफारस केली आहे.

हळूहळू काढा, अळणी ठेवा

या जुन्या ग्रंथांतील दोन सूचना आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात विशेष लक्षवेधी ठरतात.

पहिली सूचना पाणी काढण्याविषयी आहे. सुश्रुताने व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने नाभीच्या खाली डाव्या बाजूस छिद्र करून नळीवाटे पाणी काढण्याची पद्धत सांगितली आहे. मात्र सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये, काही दिवसांच्या अंतराने थोडे थोडे काढावे आणि नंतर पोट कापडाने किंवा कातड्याने आवळून बांधावे, असे तो बजावतो. एकदम पाणी काढल्यास तहान, ताप, अंगदुखी, श्वास लागणे असे उपद्रव होतात हे त्याने नोंदवले आहे. अंदालुसियातील शल्यवैद्य अबुल कासिम ज़हरावी (मृत्यू सुमारे १०१३) यानेही शस्त्रक्रिया फक्त ज़िक्की प्रकारातच करावी, पाणी बेताने काढावे, अन्यथा रुग्ण मूर्च्छित होतो किंवा दगावतो, असा इशारा दिला आहे.

दुसरी सूचना मिठाविषयी आहे. चरकाच्या मते पाणी काढल्यानंतर रुग्णाने लंघन करावे, मग स्नेह व मीठ नसलेली पेज प्यावी, त्यानंतर सहा महिने केवळ दुधावर राहावे, पुढे तीन महिने दुधासह पेज घ्यावी आणि आणखी तीन महिने वरीसारखे हलके धान्य दुधाबरोबर, मीठ न घालता खावे. म्हणजे एक वर्षाचा अळणी आहार झाला. सोडियम हे मूलद्रव्य १८०७ मध्ये वेगळे करण्यात आले. त्याच्या कितीतरी शतके आधी केवळ निरीक्षणाच्या जोरावर हे पथ्य ठरले होते.

या वैद्यांनी दिलेली कारणमीमांसा मात्र दोष आणि खिल्त यांच्या असंतुलनाची होती. ती मीमांसा आज टिकत नाही. निरीक्षणे टिकली. विज्ञानाचा इतिहास शिकवताना हा भेद विद्यार्थ्यांपुढे स्पष्ट ठेवणे अगत्याचे आहे. 'आमच्या पूर्वजांना सगळे माहीत होते' हे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच 'त्यांना काहीच कळत नव्हते' हेही चुकीचे आहे.

मूत्रपिंड चौकशीतून सुटते

कठीण झालेले यकृत आणि पोटातील पाणी यांचा संबंध इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरासिस्त्रातोसने जोडला होता. आधुनिक युगात फ्रेंच वैद्य लाएनेक याने १८१९ मध्ये अशा यकृताच्या पिवळसर-तपकिरी रंगावरून 'सिरोसिस' हे नाव दिले. १८२७ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट याने दाखवले की सूज असलेल्या काही रुग्णांच्या लघवीत प्रथिने सापडतात आणि त्यांची मूत्रपिंडे रोगट असतात. यामुळे मूत्रपिंडाची सूज आणि यकृताची सूज हे दोन वेगळे प्रकार ठरले. हा मोठा शोध होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की सिरोसिसच्या रुग्णांत मूत्रपिंड दिसायला निरोगी असल्याने त्याच्याकडे जवळजवळ शतकभर फारसे कोणी पाहिले नाही.

१८९६ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग याने रक्तातील प्रथिने पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवतात हे सिद्ध केले. यकृत अल्ब्युमिन हे प्रथिन कमी बनवू लागले आणि यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत रक्ताचा दाब वाढला की पाणी पोटात झिरपणार, हे त्यावरून समजले. पाणी कोठून गळते याचे उत्तर मिळाले. पण गळतीने पोट एकदा भरल्यावर ते पुन्हा पुन्हा का भरते, नवे पाणी येते कोठून, हा प्रश्न उरलाच.

सोडियमचा हिशेब

१९४० च्या दशकात ज्योतीच्या रंगावरून सोडियम मोजणारे फ्लेम फोटोमीटर हे उपकरण प्रयोगशाळांत आले आणि रोजच्या लघवीतील सोडियम मोजणे सोपे झाले. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी सिरोसिसच्या रुग्णांची लघवी तपासली तेव्हा तीत सोडियम जवळजवळ नव्हतेच.

या निष्कर्षाचे महत्त्व कळण्यासाठी थोडा हिशेब पाहावा लागेल. निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात सुमारे २५,००० मिलिमोल सोडियम, म्हणजे जवळपास दीड किलो मिठाइतके सोडियम असते. त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक पुन्हा रक्तात घेतले जाते आणि जेवढे खाल्ले साधारण तेवढेच बाहेर जाते. सिरोसिस बळावलेल्या रुग्णात हे शेवटचे दार बंद होते. दिवसाला १० मिलिमोलहूनही कमी सोडियम बाहेर पडते.

आता असा रुग्ण रोज १० ग्रॅम मीठ खात असेल तर त्याच्या शरीरात सुमारे १७० मिलिमोल सोडियम जाते. लघवी आणि घाम मिळून २० ते ३० मिलिमोल बाहेर गेले असे धरले तरी १४० च्या आसपास शिल्लक राहते. पोटातील एक लिटर पाण्यात साधारण १३० ते १४० मिलिमोल सोडियम असते. म्हणजे रोज एक लिटर पाणी साठते आणि रोज एक किलो वजन वाढते. पोट पाण्यामुळे भरत नाही, मिठामुळे भरते. पाणी केवळ मिठाच्या मागे जाते. चरकाच्या अळणी पथ्याचा हिशेब असा विसाव्या शतकात मांडला गेला.

१९५३ मध्ये सिल्विया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी सहकाऱ्यांसह मूत्रपिंडाला सोडियम राखण्याची आज्ञा देणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वेगळे केले. जलोदराच्या रुग्णांत ते फार वाढलेले आढळले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याला विरोध करणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध तयार झाले. ते आजही या आजारातील लघवीच्या गोळ्यांमध्ये पहिले मानले जाते.

निर्दोषत्वाचा पुरावा

तरीही शंका होती. मूत्रपिंड स्वतःच सूक्ष्मपणे बिघडलेले असेल काय? १९६९ मध्ये याचे निर्णायक उत्तर मिळाले. यकृताच्या आजारामुळे मूत्रपिंडे बंद पडून मृत्यू पावलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे, मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी असलेल्या पण निरोगी यकृताच्या व्यक्तींना बसवण्यात आली. तीच मूत्रपिंडे नव्या शरीरात काम करू लागली. पुढे यकृताचे प्रत्यारोपण केल्यावर रुग्णाची स्वतःची मूत्रपिंडेही सावरतात हे दिसून आले. दोष मूत्रपिंडात नव्हता, त्याला मिळणाऱ्या संदेशात होता.

१९७० च्या दशकात मरे एपस्टाइन यांनी अशा रुग्णांना काही तास मानेपर्यंत पाण्यात बसवून पाहिले. पाण्याच्या दाबाने हातापायांतील रक्त छातीकडे सरकते. तेवढ्या वेळेपुरते अनेक रुग्णांचे मूत्रपिंड सोडियम सोडू लागले. छातीतील रक्ताचा साठा भरला असे वाटताच मूत्रपिंडाने दार उघडले.

मग संदेश चुकतो कोठे? रॉबर्ट श्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपपत्तीने याचा सर्वमान्य पाया घातला. यकृतातून रक्त वाहण्यास अडथळा झाला की आतड्यांकडील धमन्या प्रमाणाबाहेर सैल होतात. नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये त्यास कारणीभूत असतात. नदीचे पात्र एकाएकी रुंद झाले तर तेवढ्याच पाण्याची पातळी खाली जाते, तसे धमन्यांतील रक्त कमी पडल्यासारखे होते. मानेतील व छातीतील दाबमापक पेशींना रक्तस्राव झाल्याचा भास होतो. त्या धोक्याची सूचना देतात. रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन आणि मज्जातंतू मिळून मूत्रपिंडाला कळवतात की मीठ राखा. आणखी पुढच्या टप्प्यावर व्हॅसोप्रेसिन कळवते की पाणीही राखा. मूत्रपिंड आज्ञा पाळते. राखलेले मीठपाणी सैल वाहिन्यांत न टिकता पोटात झिरपते, रक्तातील तूट कायम राहते आणि आज्ञा पुन्हा येते.

येथे 'इस्तिस्का' या शब्दाकडे परत पाहावेसे वाटते. हकिमांनी रुग्णाच्या तहानेवरून हे नाव ठेवले होते. आजच्या ज्ञानानुसार रुग्णाचे सारे शरीरच दुष्काळ पडल्याच्या समजुतीने पाणी मागत असते, आणि तेव्हा त्याच्या पोटात महापूर असतो.

सुश्रुत व ज़हरावी यांच्या इशाऱ्याचाही उलगडा यातूनच होतो. बरेच पाणी एकदम काढले की काही काळाने रक्तवाहिन्या आणखी सैल पडतात आणि धमन्यांतील रक्त अधिकच कमी भासते. बार्सिलोनाच्या पेरे जिनेस आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले की पाणी काढताना शिरेतून अल्ब्युमिन दिले तर हा धोका टळतो. आज पाच लिटरहून अधिक पाणी काढताना दर लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम अल्ब्युमिन देण्याचा प्रघात आहे. जुन्या वैद्यांनी जो धोका वेळ देऊन टाळला, तो आता अल्ब्युमिन देऊन टाळला जातो.

पुण्यातील पितळी भांडे

मूत्रपिंडाला मिळणारा संदेश औषधांनी काही अंशी थोपवता येतो. पण मूळ यकृतात आहे, आणि यकृत वाचवणे हाच खरा उपाय. या संदर्भात महाराष्ट्रातील एक संशोधन जगभर वाखाणले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतात सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांत एक घातक सिरोसिस आढळत होता. यकृत कठीण होई, पुढे कावीळ आणि जलोदर होई, आणि बहुतेक मुले दगावत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतिशय वाढलेले असल्याच्या निष्कर्षाचा मागोवा थेट स्वयंपाकघरापर्यंत घेतला. १९८३ आणि १९८७ च्या त्यांच्या निबंधांतून दिसले की या मुलांना लवकर वरचे दूध सुरू झाले होते आणि ते पितळी भांड्यात तापवले वा साठवले जात होते. दुधात तांबे उतरत होते.

ताम्र बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइनने वेळेत आलेली काही मुले वाचली. परंतु खरा फरक भांडे बदलल्याने पडला. स्टीलची भांडी घरोघरी आली, माहिती पसरली आणि १९९० च्या दशकात हा आजार दुर्मीळ झाला. ज्या रोगावर यकृत प्रत्यारोपणासारखा उपायही तेव्हा येथे आवाक्यात नव्हता, तो चुलीपाशीच रोखला गेला. प्रौढांच्या सिरोसिसची मुख्य कारणे आज मद्यपान, हिपॅटायटिस बी व सी, आणि मधुमेह व स्थूलतेशी जोडलेले चरबीयुक्त यकृत ही आहेत. त्यांपैकी हिपॅटायटिस बीवर लस आहे, सी बहुतेकांत औषधांनी पूर्ण बरा होतो आणि उरलेली दोन कारणे राहणीमानाशी निगडित आहेत.

समारोप : वर्गात काय सांगावे

सीमाभागातील अनेक घरांत आजही अशा रुग्णाचे पाणी तोडले जाते आणि मीठ मात्र चालू राहते. पाण्याचा आजार म्हणून पाणी बंद, हा तर्क सरळ वाटतो. पण रक्तातील सोडियम बरेच खाली गेल्याशिवाय डॉक्टर सहसा पाणी तोडत नाहीत. दुसरीकडे पापड, लोणचे, खर्डा, सुके बोंबील, बेकरीचे पदार्थ यांतून नकळत मीठ जात राहते. मटणाचा 'अळणी' रस्सा रुग्णाला शक्तीसाठी दिला जातो, पण तो नावापुरता अळणी असतो. त्यात बहुधा मीठ असतेच. दिवसभरात ५ ते ६ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण एक लहान चमचा, ही मर्यादा पाळावी आणि जेवण मात्र कमी करू नये असे आजचे मत आहे, कारण उपासमारीने हे रुग्ण अधिक खंगतात.

आणखी दोन गोष्टी घरोघरी पोहोचायला हव्यात. दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडाचा उरलासुरला रक्तपुरवठा तोडू शकतात. आणि 'कमी सोडियमचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या रुग्णात ते धोकादायक पातळीला जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही टाळावे.

जीवशास्त्राच्या अध्यापकाला हा विषय मूत्रपिंडाच्या धड्यात घेता येईल, इतिहासाच्या अध्यापकाला बगदादच्या अनुवादांच्या आणि आदिलशाहीच्या प्रकरणात, उर्दूच्या अध्यापकाला 'साकी' आणि 'इस्तिस्का' यांचे एकच कूळ सांगताना. तिन्ही तासांतून विद्यार्थ्याने घरी एक वाक्य नेले तरी पुष्कळ आहे : पोटात पाणी झालेल्या माणसाच्या ताटातले मीठ आधी बघा, तांब्यातले पाणी नंतर.